आप्पांच्या अर्ध्या एकराची कीर्ती

"पाटी कोनी उपाडी रे? कोनी उपाडी, आते सांगा."

माझा थोरला भाऊ पथारीच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज असा की तो नंदुरबारात ओरडला तर सुरतेच्या स्टेशनावरची कबुतरं उडतात. त्या दिवशी तर तापीचं पाणीसुद्धा दोन पावलं मागे सरकलं असणार. त्याच्या शेजारी मसाला कंपनीचा तरुण अधिकारी उभा होता. पांढऱ्या बुटांवर मिरचीची धूळ बसू नये म्हणून तो या पायावरून त्या पायावर करत होता. त्याला आप्पांचा, गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा, फोटो हवा होता, त्यांच्या मिरचीच्या चौकोनात, त्यांच्या पाटीशेजारी. आप्पा होते, टोपी घालून, दाढी करून, अगदी तयार. मिरचीही होती. पाटीच्या जागी मात्र जमिनीत नुसतं भोक होतं.

तिसऱ्या रांगेत एक बाई मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"वरडू नको भाऊ. पाटी आठे शे. आज मन्ही पाळी शे."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "पाळी म्हणजे?"

म्हणजे काय ते सांगायचं तर मला एक हंगाम मागे जावं लागेल, आणि नंदुरबारातून पार पुण्यातल्या एका थंडगार खोलीपर्यंत जाऊन यावं लागेल.

आधी पथारी. मिरची वाळवायचं मोकळं मैदान म्हणजे पथारी. थंडीत आमच्याकडे विमानातून पाहिलं तर जमीन दिसत नाही, नुसता लाल रंग दिसतो, आणि ठसका असा की सुरतेहून येणाऱ्या गाडीतले प्रवासी फलाट दिसायच्या आधीच शिंकू लागतात. तिकीट तपासणारे शिंकांवरूनच गाडी किती लांब आहे ते ओळखतात. यावर तुमचा विश्वास बसत नसेल तर नका ठेवू, पण एकदा जानेवारीत खिडकी उघडी ठेवून या.

आमची पथारी नंदुरबारपासून जवळच, आमच्या गावाबाहेर आहे. जागा आमची, मिरची गावाची. जो तो आपली ओली मिरची आणून आपल्या चौकोनात पसरतो, आणि कोणता चौकोन कुणाचा हे कळावं म्हणून कोपऱ्यात काहीतरी ठेवतो. कुणाचा फुटका माठ, कुणाच्या सायकलची रिंग, कुणी काठीला जुना परकर बांधलेला. आप्पांची खूण म्हणजे एका पायाची चप्पल. दुसऱ्या पायाची कुठे गेली ते आप्पांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यावर गावात ज्या कथा होत्या त्यांत आप्पांना तीन वेळा कुत्र्यांनी, एकदा पोलिसांनी आणि एकदा सासऱ्यांनी पळवलं होतं.

शहरातले एक चाचा वर्षानुवर्षं आमचा माल घ्यायचे. सकाळी यायचे, मिरची मोडायचे, वास घ्यायचे, आकाशाकडे तोंड करून शिंकायचे आणि भावाला म्हणायचे, "परकरवाली का माल उठाव. माठवाले को बोल, अभी दो दिन और धूप दिखा." चहा व्हायचा. कुणाची मिरची कुणाची, यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. चप्पल कुणाची, यावरून मात्र रोज.

आता मी. मी ज्या कंपनीत काम करते ती काहीच बनवत नाही. विकतही नाही, म्हणजे वस्तू विकत नाही. तंत्रज्ञानात पुढे काय येणार आहे हे ती सांगते. भाऊ पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचा, "हाई मन्ही बहीन, कंपनीसनं भविष्य सांगस." पुण्याचं ऑफिस लॉकडाऊनमध्ये बंद झालं ते माझ्यापुरतं पुन्हा उघडलंच नाही, आणि मी घराच्या वरच्या खोलीत, पथारीकडे तोंड करून बसून जगाचं भविष्य सांगू लागले. नाकाला रुमाल बांधून.

आमच्या कंपनीचा एक आलेख असतो, दरवर्षी नवा. डावीकडे चढण, मग टोक, मग खोल उतार, मग पुन्हा हळूहळू वर जाणारी सपाट वाट. तंत्रज्ञानाचा प्रत्येक नवा शब्द या वाटेवर कुठेतरी ठिपका होऊन बसतो. मी भावाला समजावलं होतं की हा तोरणमाळचा घाट समज. शब्द नवा असला की तो घाट चढत असतो, सगळे त्याच्या मागे पळतात. टोकाला पोचला की सगळ्यांना वाटतं, आलंच आता स्वर्गाचं दार. मग तो दरीत कोसळतो. दरीतून जो जिवंत निघतो तो पुढे साधासुधा होऊन कामाला लागतो. बरेचसे निघत नाहीत.

"आनि त्या ठिपका कोन लावस?" भावाने विचारलं.

"आम्ही."

"मंग तूच ढकलस नं त्यासले दरीमा."

तसं नाही, मी म्हणाले. आणि खरंच तसं नव्हतं. आम्ही फक्त विचारायचो. बनवणाऱ्यांना विचारायचो, काय बनवताय. ते म्हणायचे, ग्राहक मागतील ते. घेणाऱ्यांना विचारायचो, काय घेताय. ते म्हणायचे, तुमच्या आलेखात काय आहे? अशा रीतीने सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना आम्ही मधे एक शब्द ठेवायचो. शब्द ठेवला की दोन्हीकडच्यांना हायसं वाटायचं. जो तो आपल्या मालावर त्या शब्दाची चिठ्ठी चिकटवायचा, आणि पुढच्या वर्षी आम्ही लिहायचो की बघा, हा शब्द किती पसरला.

त्या वर्षी चढणीवर जो शब्द होता तो ट्रेसेबिलिटी. पाकिटातली मिरची कुणाच्या शेतातली हे मागे मागे जाऊन सांगता येणं. जगातल्या प्रत्येक खाण्याच्या वस्तूला आपले आईवडील ठाऊक असले पाहिजेत, असा एकंदर सूर होता. मसाला बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तो अहवाल वाचला, घाबरली, आणि तिचा अधिकारी थेट नंदुरबारात आला. त्याला मी पाठवलं नव्हतं. तो माल बघायला आला होता. पण बोलता बोलता त्याने बॅगेतून आमचाच आलेख काढला तेव्हा भावाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विठ्ठलाची मूर्तीच मी घडवली होती.

अधिकाऱ्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक शेतकऱ्याला एक पाटी. पाटीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. माल उचलताना फोनने ठिपके टिपायचे, की हा माल कुणाचा, किती, कसा, हे वर जाणार. हंगामभर हे नीट चाललं तर पाकिटावर गावाचं नाव छापलं जाईल.

गावाचं नाव. इथे भावाचं काय झालं ते सांगितलं पाहिजे. आमची मिरची आजवर कुठल्या कुठल्या नावांनी विकली गेली याला गणती नाही. भाऊ लग्नाला परगावी गेला की आचाऱ्याकडे जाऊन डबा उघडून म्हणायचा, ही आमची मिरची. आचारी म्हणायचा, हो का, पाकिटावर तर दुसरंच लिहिलंय. पंक्तीत बसलेले हसायचे. भाऊ हसायचा नाही. अधिकाऱ्याने नमुन्याचं पाकीट दाखवलं, खाली बारीक अक्षरांत आमच्या गावाचं नाव, आणि माझा ओरडणारा भाऊ पहिल्यांदाच हळू बोलला. म्हणाला, "अक्षर जरा मोठं करता येईल का?"

त्या दिवसापासून चाचांना माल द्यायचं बंद झालं. चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "अच्छी बात है भाई, बेटी बडे घर जा रही है." आणि बाजूच्या पथारीवर जायला लागले.

चप्पल, माठ, परकर गेले, पाट्या आल्या. सगळ्या पाट्या सारख्याच, निळ्या. ठिपके बघून माणूस ओळखणारा अजून आमच्याकडे जन्मला नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात लोक आपापल्या चौकोनात न जाता शेजाऱ्याची मिरची उलथवून यायचे. पण ते सावरलं. खरी गंमत पुढे झाली. आप्पांची मिरची त्या वर्षी उत्तम होती. अर्धा एकरच, पण रंग असा की संध्याकाळी दिवा लावायची गरज नाही. फोनने आप्पांच्या पाटीला हिरवा तारा दिला. हिरवा तारा म्हणजे हा माल आधी उचला. आप्पांचा माल दोन दिवसांत गेला.

गावाने यातून जो अर्थ काढला तो कुठल्याच अहवालात नव्हता. गाव म्हणालं, आप्पांची पाटी लाभाची आहे.

आमच्याकडे लाभाची वस्तू घरात ठेवून घेत नाहीत. कुणाची शेगडी चांगली पेटत असेल तर ती लग्नघरी जाते. मोठ्या कढया, गालिचे, बाळंतिणीची बाज, एवढंच काय एका म्हातारीचं पोलकंसुद्धा, या वस्तू वर्षभर गावात फिरत असतात आणि मूळ मालकाला त्या कुठे आहेत हे शेवटी चौकशी करूनच कळतं. नाही म्हणायची रीत नाही. त्यात पहिला मागणारा आप्पांचा जावई निघाला. शहाद्याकडचा, मिरची आमच्याच पथारीवर टाकलेली, रंगाला फिकी, कुणी उचलेना. जावई तोंडाने काही बोलला नाही. तो फक्त आप्पांकडे जेवायला बसला आणि दुसऱ्यांदा भात घेतला नाही. आप्पांना तेवढं पुरलं. सकाळी त्यांनी स्वतः पाटी उपटून जावयाच्या ढिगात रोवली. फोनने ठिपके टिपले, म्हणाला आप्पा, हिरवा तारा, उचला.

जावयानंतर व्याही. व्याह्यानंतर आप्पांची चुलतबहीण. तिच्यानंतर सगळी पथारी. बायकांनी आपसांत पाळ्या लावल्या, सकाळची कुणाची, दुपारची कुणाची, आणि त्या पाळ्या इतक्या चोख होत्या की नंदुरबारच्या पाणीपुरवठ्याला त्या सोपवायला हव्या होत्या. भावाला ठाऊक नव्हतं असं नाही म्हणणार मी, पण त्याने पाहिलं नव्हतं. तो पाकिटावरचं अक्षर मोठं करण्याच्या पत्रव्यवहारात होता. आणि मी वर खोलीत, पडदा लावून, भविष्य सांगत होते.

तर हंगाम संपता संपता वर कंपनीच्या यंत्राला जे दिसलं ते असं, की नंदुरबार जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरातून, पाटी लावल्यापासून, डोंगरच्या डोंगर मिरची निघते आहे.

मसाला कंपनीने हे आनंदाने आमच्या कंपनीला कळवलं. आमच्या कंपनीला अशा गोष्टींची भूक फार. नुसता शब्द पुरत नाही, शब्दाला एक माणूस लागतो, शक्यतो सुरकुत्या असलेला. एका सकाळी मीटिंगमध्ये पडद्यावर आप्पा आले. पांढरी टोपी, उन्हाने मिचकावलेले डोळे, मागे लाल ढीग. माझ्या हातातला चहा माझ्याच मांडीवर.

"साहेब," मी म्हणाले, "अर्ध्या एकरात एवढी मिरची येत नाही. मी त्या गावची आहे. एवढी मिरची आली तर आप्पांना झोपायला जागा उरणार नाही."

आमचे साहेब फार सभ्य आहेत. ते हसून म्हणाले, "तेच तर. आधी येत नव्हती."

मग आप्पा निघाले जगाच्या प्रवासाला. आमच्या अहवालातून ते दुसऱ्या एका अहवालात गेले, तिथे त्यांना फक्त 'पश्चिम भारतातील एक शेतकरी' म्हटलं होतं. तिथून एका परिषदेच्या भाषणात. पाट्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत आप्पांच्या हातात मिरचीऐवजी हळद होती. कॉफी पिकवणाऱ्या कुठल्याशा प्रदेशातल्या लोकांनी आमच्या साहेबांना विचारलं की अर्ध्या एकरात असं होत असेल तर आम्हाला पण पाट्या हव्यात. आमच्या आलेखातला ठिपका टोकाला जाऊन बसला. आणि आप्पा इकडे ओट्यावर बसून विचारत होते की टोपी घालून फोटो काढला म्हणून कुणी काही म्हणालं तर नाही ना.

याच कीर्तीच्या पायी अधिकारी दुसऱ्या हंगामात फोटो काढायला आला होता, आणि जमिनीत भोक होतं, आणि बाई म्हणाली की आज तिची पाळी आहे.

मी त्याला पाळी म्हणजे काय ते सांगितलं. सगळं, जावयाच्या भातासकट. बाजूच्या पथारीवरून चाचा ऐकत होते. ते इतके हसले की त्यांना मिरचीचा ठसका लागला, आणि ठसक्यातून त्यांना पुन्हा हसू आलं, आणि शेवटी दोघांनी धरून त्यांना पाणी पाजलं. बायका हसल्या. आप्पाही हसले, जरा उशिरा. अधिकारी हसला नाही. भाऊ त्या अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

अधिकाऱ्याने ते वर कळवलं. वरच्यांना ते ऐकायचं नव्हतं. एवढा गाजलेला शेतकरी आता खोटा आहे असं कोण कुणाला सांगणार? त्यांचा निरोप आला की पुढचा हंगाम पूर्ण नीट करा, एकही पाटी हलता कामा नये, मग पाकिटाचं बघू. मी आमच्या साहेबांना म्हणाले, आप्पांना अहवालातून काढा. ते म्हणाले, "आता ते आपल्या हातात कुठे आहेत? ते सगळ्यांचे झालेत."

हसण्यावारी न्यायची गोष्ट तिथे संपली. पुढचा हंगाम भावाने असा केला की मला अजून तो आठवला की वर खोलीतसुद्धा आवाज कमी करावासा वाटतो. त्याने प्रत्येक पाटी सिमेंटात रोवली. पाटीजवळ दुसऱ्याला उभं राहायला मनाई. देठ खुडणाऱ्या बायकांना आपापल्या चौकोनात बसवलं, एकेकटं. पूर्वी दहाजणी एका ढिगाभोवती बसायच्या तेव्हा त्यांच्या गप्पांनी मिरची लवकर वाळायची, हे शास्त्र आहे, कुणी तपासलेलं नाही एवढंच. आता पथारीवर वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

त्या हंगामातही आप्पांचा जावई आला. पाटी मागितली. आप्पा भावाकडे आले.

"एक दिनना सवाल शे," आप्पा म्हणाले. "जवाई शे मन्हा."

"आप्पा, नही व्हवावं. गावना नावना सवाल शे."

"गावमा जवाई नही येस का?"

आप्पा पाटीकडे गेले, सिमेंटाला पायाने जरा ढोसून पाहिलं, आणि घरी गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, गाणी झाली. आप्पांची लेक आली नाही. आमच्या घराच्या गच्चीवरून आप्पांचा ओटा दिसतो. ते दिवसभर तिथे बसले होते, आणि त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला झोका नव्हता. माझ्या भावाशी ते त्यानंतर बोलले नाहीत. समोर आला तर टोपी नीट करतात आणि वाट बदलतात.

हे सगळं ज्या शब्दासाठी चाललं होतं त्याचं काय झालं ते मला आधी कळलं, कारण ते कळणं माझं काम. नव्या आलेखाची मीटिंग होती. साहेबांनी तो ठिपका उचलला आणि बाजूला टाकला. दरीतसुद्धा नाही. बाहेरच.

मी विचारलं, का.

"त्याच्याबद्दल आता कुणी विचारत नाही," साहेब म्हणाले. "चौकशा थांबल्यात."

"पण साहेब, आता ते खरंच चालतंय. आमच्याकडे या हंगामात एक पाटी हललेली नाही. आता ज्याची मिरची त्याच्याच नावावर आहे."

"छान आहे," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, त्यांना वाईट म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नाही. "पण एखादी गोष्ट चालते की नाही, हे आपण बघत नाही. तिच्याबद्दल कोण विचारतंय, हे बघतो."

कुणी विचारत का नव्हतं? कारण सगळ्यांची आपापल्या मालावर ती चिठ्ठी चिकटवून झाली होती, आणि आता ते नव्या चिठ्ठीची वाट बघत होते. नवी चिठ्ठी आम्ही देणार होतो. आम्ही ठरवत होतो, कुणी काय विचारलं त्यावरून. ते विचारत होते, आम्ही काय ठरवलं त्यावरून. या गोलात आमचं गाव कुठे बसवावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही, आजही सुचत नाही. मी इतकी वर्षं थापा मारत आले, कबुतरं उडवली, नदी मागे सरकवली, पण माझ्या थापेवर कुणी सिमेंट नाही ओतलं.

मी खाली जाऊन भावाला सांगितलं. तो पथारीवरच होता. शेवटचा माल वाळत होता, सगळे चौकोन सरळ, सगळ्या पाट्या ताठ.

"काय वं," तो म्हणाला, "कागदवरथून शब्द गया म्हनीसन मिरची गई का? मिरची तठेच शे."

"भाऊ, ते कागदच बघतात."

"त्या साहेबनी सोता सांगेल शे. हंगाम नीट करा, मंग पाकीट. आम्हीन करा."

त्याने तिथेच उभ्याउभ्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, मला ऐकू यावं म्हणून. बायकांनी हात थांबवले. आमच्या गावाचं नाव मी या लेखात कुठेच लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या ठिकाणी ते यायचं होतं तिथे आधी यावं, असं मला वाटत होतं.

भावाने प्रमाण मराठीत सुरुवात केली, मोठ्या कामाला तो तीच काढतो. "नमस्कार साहेब. या हंगामात एकही पाटी हललेली नाही. तुम्ही कधीही या, स्वतः बघा. तर ते पाकिटाचं, गावाच्या नावाचं, ते आता कधी करताय?"

पलीकडे जरा वेळ कीबोर्डचा आवाज आला.

"ते यंदा नाही भाऊ," अधिकारी म्हणाला. "यंदा दुसरं आहे."